नवरे चुलीत घाला

आमच्या सांगलीतल्या वाड्यात जत तालुक्याकडच्या एक काकू राहतात. त्यांच्या घरात कानडी बोलली जाते आणि उंबऱ्याबाहेर मराठी. परवा त्यांच्याकडे आलेल्या पाहुणीने माझ्या लग्नाची चौकशी आरंभली, तेव्हा काकूंनी तव्यावरची भाकरी उलटत अक्कमहादेवीचे एक वचन म्हटले आणि त्याचा अर्थही सांगितला: मरणारे, नासणारे हे नवरे नेऊन चुलीत घाला. बाराव्या शतकातील कानडी कवयित्रीचा संताप आपल्याकडच्या बायका रोज वापरतात त्याच शब्दांत उतरावा, याचे मला हसू आले.

मात्र कौशिक राजाला सोडून निघालेली अक्का चन्नमल्लिकार्जुनाला, म्हणजे शिवाला, पती मानते. ती पुरुष नाकारते, लग्न नाकारत नाही. 'डोईचा पदर आला खांद्यावरी' म्हणत भरल्या बाजारी निघालेली जनाबाईही शेवटी केशवाच्याच घरी पोचते. हा त्यांचा उणेपणा मी मानत नाही. बाईच्या एकटेपणाला त्या काळी दुसरी भाषाच उपलब्ध नसावी.

म्हणूनच मला समर्थ रामदासांच्या शिष्या, मिरजेच्या संत कवयित्री वेणाबाई यांचे अप्रूप वाटते. त्यांचे एकटेपण निवडलेले नव्हते, बालवैधव्याने ते लादले होते. परंतु विधवेसाठी राखलेला घराचा कोपरा त्यांनी पत्करला नाही, ही निवड त्यांची स्वतःची. समर्थ रामदासांच्या कीर्तनाला जातात म्हणून त्यांच्यावर किटाळ आले, घरच्यांनी विष दिले आणि त्यातून त्या वाचल्या, असे परंपरा सांगते. पुढे समर्थांनी त्यांना उभ्याने कीर्तन करण्याची मुभा दिली आणि मिरजेचा मठ त्यांच्याकडे सोपवला. त्यांची समाधी सज्जनगडावर आहे. ज्या बाईला मंगलकार्यात पुढे येण्याची मनाई, तिने 'सीतास्वयंवर' लिहावे, अख्खे लग्न आपल्या ओव्यांनी लावावे, आणि तरीही त्या मांडवात स्वतःसाठी नवरा शोधू नये, हे मला अक्काच्या संतापाहूनही धीट वाटते. रामदासी संप्रदायातला भाव दास्याचा, देवाला पती नव्हे तर धनी मानण्याचा आहे, हे त्यामागचे एक कारण असेलच.

हे सगळे मी काकूंना सांगितले. त्यांनी पिठाचा हात तसाच ठेवून विचारले, "मग हिचा नवरा कोण, राम?"

"राम सीतेचा, काकू."

"बरं," म्हणून त्यांनी पुढचा उंडा थापायला घेतला.