अहमदाबाद: मशिदीविना मिनार, मिनारांविना मशीद

जुन्या अहमदाबादच्या चार जागा अर्ध्या दिवसात होतात. मात्र मिनारांकडे निव्वळ मनोरे म्हणून पाहिलं, तर निम्मी गंमत हुकते. इथले मिनार मशिदीच्या दर्शनी भिंतीतूनच वर निघतात.

सुरुवात सीदी बशीरच्या 'झुलता मिनारां'पासून करा. रिक्षावाल्याला 'सारंगपूर दरवाजा, सीदी बशीर' असं नीट सांगा. नुसतं 'झुलता मिनार' म्हटलं तर घोटाळा होतो, कारण कालुपूर स्टेशनाजवळ विटांच्या मिनारांची आणखी एक जोडी आहे. सीदी बशीरची मशीद 1753 साली, मराठ्यांनी शहर घेतलं त्या लढाईत गेली. उरले ते तीन मजली, सुमारे 21 मीटर उंचीचे दोन मिनार आणि त्यांच्यामधली कमान. एक मिनार हलवला की काही क्षणांनी दुसरा थरथरायचा, मधला जोडभाग मात्र स्थिर राहायचा. आता वर चढायला बंदी आहे, तेव्हा झुलण्याच्या आशेने जाऊ नका. सकाळी नऊच्या आत पोहोचा. इथल्या मशिदी पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढण्यासाठी बांधलेल्या असल्याने दर्शनी बाजू पूर्वेला येते. दुपारनंतर फोटो काळे पडतात.

तिथून जामा मशीद, माणेक चौकाला लागून. गुजरातचा सुलतान अहमदशहा याने 1424 मध्ये बांधलेली, 260 खांबांची. इथे बरोबर उलट चित्र: मशीद शाबूत, मिनार गायब. 1819 च्या कच्छच्या भूकंपात मिनारांचे वरचे भाग कोसळले. अंगणातून घाईने आत शिरू नका. मधल्या कमानीच्या दोन्ही अंगांचे कोरीव, जाडजूड बुंधे हेच मिनारांचे पाय. कमान बाहेरच्या बाजूला रेटा देते, तो हे बुंधे अडवतात. जवळ जाऊन कोनाडे पाहा: मूर्तीच्या जागी दगडातली वेलबुट्टी आणि साखळीला टांगलेला दिवा. हात गुजराती मंदिरं घडवणाऱ्या सलाटांचाच (पाथरवटांचाच), यात आम्हाला तरी शंका वाटत नाही. मिर्झापूरच्या राणी रूपमती मशिदीतही हेच बुंधे दिसतात, तिचेही मिनार त्याच भूकंपात गेले. वेळ कमी असेल तर ती सोडली तरी चालेल.

राणी सिप्रीची मशीद मात्र सोडू नका. अस्टोडिया दरवाजाजवळची ही 1514 ची इमारत लहानशी आहे, पण सगळा उलगडा इथे होतो. दर्शनी बाजूला कमानच नाही, नुसते खांब आणि तुळया. रेटा नाही, म्हणून मिनार मधून सरकून दोन टोकांना गेले आणि सडपातळ झाले. ते भरीव आहेत, आत जिना नाही. अजान द्यायला कोणी चढूच शकत नाही. जामा मशिदीपासून इथवरच्या नव्वद वर्षांत आधाराचा खांब निव्वळ दागिना झाला.

शुक्रवारी बारा ते अडीच टाळा, इतर दिवशीही नमाजाच्या वेळी बाहेर थांबा. गुडघे-खांदे झाकलेले असावेत, डोक्याला रुमाल किंवा ओढणी जवळ ठेवा. मार्चपासून अंगणाची फरशी अशी तापते की अनवाणी चालवत नाही. जाड मोजे न्या. बुंध्यांवरचं बारीक काम बघायला लहान दुर्बीण फार उपयोगी पडते.

गोमतीपूरच्या राज बीबी मशिदीसाठी वेगळी रिक्षा करावी लागते. तिथला एक मिनार झुलण्याचं रहस्य शोधण्यासाठी इंग्रजांनी उतरवला आणि तो पुन्हा जसाच्या तसा रचता आला नाही.