डिझेलमधला गाळ आणि नायट्रोजन: चाचण्यांचा माझा अनुभव

रिफायनरीतल्या क्रॅकरमधून (जड तेलाचे रेणू तोडणाऱ्या युनिटमधून) निघणारं लाइट सायकल ऑइल, म्हणजे एलसीओ, हायड्रोट्रीटिंगशिवाय (हायड्रोजनने शुद्ध केल्याशिवाय) डिझेलमध्ये मिसळलं की साठवणीत रंग गडद होत जातो आणि टाकीच्या तळाशी गाळ बसतो. अशा नमुन्यांत मी एकूण नायट्रोजनच्या पीपीएमवर (दहा लाखांत किती भाग, यावर) भिस्त ठेवत नाही. पीपीएम सारखंच असलेले दोन नमुने अगदी वेगळे वागू शकतात. नायट्रोजनच्या संयुगांपैकी कार्बाझोल बरेच निरुपद्रवी. त्रास देतात ते अल्किल पायरोल आणि इंडोल. एलसीओमधल्या फेनॅलीन या हायड्रोकार्बनचं हवेतल्या ऑक्सिजनमुळे फेनॅलीनोन होतं, ते इंडोलशी जोडलं जाऊन गाळ बनतो आणि थायोफिनॉल या गंधकाच्या संयुगापासून तयार झालेलं सल्फोनिक आम्ल या जोडणीला वेग देतं. आम्ल नसेल तर हीच साखळी रखडते.

गाळ किती बनतो हे पाहायची झटपट चाचणी एएसटीएम (अमेरिकेतली मानक संस्था) डी २२७४ ची. गाळलेलं ३५० मिलि डिझेल ९५ अंश सेल्सिअसला ठेवून त्यातून तासाला ३ लिटर ऑक्सिजन १६ तास सोडायचा. नंतर अंधारात थंड करून गाळायचं. काचेला चिकटलेला गोंद अ‍ॅसिटोन, मिथेनॉल व टोल्यूइनच्या समभाग मिश्रणात विरघळवायचा, द्रावक उडवून वजन करायचं आणि ते गाळणीवरच्या गाळात मिळवायचं. युरोपच्या ईएन ५९० या डिझेल मानकात अशा एकूण गाळाला घनमीटरला २५ ग्रॅम ही मर्यादा आहे. नमुन्यावर ऊन पडलं किंवा काचेवर तांबं, क्रोमियमचा अंश राहिला, तर आकडा उगाच फुगतो. क्रोमिक आम्लाने काच धुण्याची जुनी सवय इथे नडते.

पण एलसीओच्या मिश्रणात ही चाचणी पास झाली म्हणून मी निश्चिंत होत नाही. ९५ अंशाला शुद्ध ऑक्सिजनमध्ये जे घडतं, ते टाकीत घडेलच असं नाही. अशा मिश्रणाला मी एएसटीएमचीच डी ४६२५ ही संथ साठवण चाचणी लावतो: काचेच्या बाटलीत ४०० मिलि, ४३ अंश. इथला एक आठवडा साधारण २१ अंशाच्या एका महिन्याइतका. १२, १८, २४ आठवड्यांसाठी बाटल्या पहिल्याच दिवशी वेगवेगळ्या भरायच्या, कारण गाळलेली बाटली पुन्हा ओव्हनमध्ये जात नाही.

उपायात डायमिथिल सायक्लोहेक्झिल अमाइनसारखं तृतीयक अमाइन (नायट्रोजन असलेलं, आम्लाला निष्प्रभ करणारं संयुग) चालतं. गंमत म्हणजे त्याने नायट्रोजनचा आकडा वाढतो आणि गाळ घटतो, कारण ते आम्ल मारतं. मात्र ते युनिटमधून ताजा माल बाहेर पडतानाच घालावं. बसलेला गाळ त्याने परत विरघळत नाही. वाटेत तांब्या-पितळेची फिटिंग असतील तर सोबत मेटल डिअ‍ॅक्टिव्हेटरही (धातूचा परिणाम रोखणारा पदार्थ) लागतो.