अगं, आज होतं का ते?

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाचा हा इन्व्हरकार्गिलचा विमानतळ एवढासा. बसायला जागा मिळाली आहे, विमानाला वेळ आहे, पँटवरचा वाळलेला चिखल मी नखाने खरवडतेय आणि डोक्यात तेच एक चालू आहे. दादा विसरला.

निघण्यापूर्वी सगळं लिहून पाठवलं होतं त्याला. स्ट्यूअर्ट आयलंड हे बेट, त्यावरची नॉर्थ वेस्ट सर्किट ही पायवाट, 125 किलोमीटर, कुठल्या रात्री कुठली हट, म्हणजे मुक्कामाची झोपडी. शेवटी ठळक अक्षरांत: या तारखेच्या संध्याकाळपर्यंत फोन आला नाही तर न्यूझीलंडच्या पोलिसांना कळव. इथे रानात जाताना कुणा एकाला असं सांगून जायचं ही पद्धतच आहे. तो एक जण गप्प बसला तर तुम्ही हरवला आहात हेच कुणाला कळत नाही. मी दादाला निवडलं. त्याने अंगठा पाठवला.

आणि मेसन बेला पाऊस लागला. तिथून फ्रेशवॉटरपर्यंतची वाट सपाट, दलदलीतली. जोराचा पाऊस झाला की वाट पाण्याखाली जाते, कधी छातीपर्यंत पाणी चढतं. थांबण्यावाचून इलाज नव्हता. दुपारी पाऊस जरा ओसरला तर हटमागच्या गवतात चक्क किवी! इथला टोकोएका जातीचा किवी दिवसाढवळ्याही फिरतो. चोच पार मुळापर्यंत मातीत खुपसायचा, मग बाहेर काढून फुर्र करून नाक साफ करायचा, कारण त्याच्या नाकपुड्या चोचीच्या टोकाला असतात. एरवी मी नाचले असते. पण मनात एकच: आता चुकतेय तारीख. दादाचं काय होणार?

कमरेला संकटात इशारा पाठवणारा बीकन होता, पण त्याचं बटण एवढंच सांगतं की जीव धोक्यात आहे, या. ‘बरी आहे, उशीर होतोय’ असं कळवायची सोय त्यात नाही.

पाणी उतरल्यावर निघाले आणि चिखल तुडवत दादाचे हाल रंगवत राहिले. तो येरझाऱ्या घालतोय. वहिनी म्हणतेय, दोन घास खाऊन घ्या. पोलिसांशी बोलताना त्याचं इंग्रजी अडखळतंय. आईपासून सगळं लपवतोय (आईला मी फक्त ‘फिरायला चाललेय’ इतकंच सांगितलंय, तो विषय वेगळा). ठरलेली संध्याकाळ नॉर्थ आर्मच्या हटमध्ये उजाडली आणि मावळली. प्रत्येक हटमध्ये एक वही असते, तीत नाव, तारीख, उद्या कुठे हे लिहायचं, शोधायला येणारे आधी तीच बघतात. माझ्या ओळीपुढे मी मोठ्या अक्षरात लिहिलं की उशीर झालाय, पण सुखरूप आहे. दादाने पाठवलेल्या माणसांसाठी!

बेटावरच्या ओबन गावात पोचून फोन चालू केला. बँकेचे मेसेज, सुप्रभातची फुलं, कुठल्याशा साड्यांवर सूट. ज्याचा यावासा वाटत होता त्याचा नाही, पण ते असो. मिस्ड कॉल एकही नाही. तिकडे सकाळचे साडेसात वाजले असणार. लावला.

“दादा, मी आले रे. नीट आहे.”

“हां, बोल.” तोंडात ब्रश.

“उशीर झाला. पूर आला होता.”

“अगं... आज होतं का ते?”

“काल होतं.”

चूळ भरल्याचा आवाज. मग, “पण आलीस ना?”

पलीकडच्या ब्लफ बंदराला जाणारी बोट तासाभराची. फोव्हो सामुद्रधुनी खवळलेली, लोक कागदी पिशव्या हातात धरून बसलेले. मी रडत होते, पण कुणाला कळलं नाही. चेहरा सगळ्यांचाच तसा होता. पाय मोडून वाटेतल्या बिग हेलफायरच्या उतारावर पडले असते तर? पडले असते तर हा दात घासत असता. हे वाक्य मी मनात किती वेळा म्हटलं कोण जाणे. म्हणताना, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटत होतं.

कारण सुटका करायला कुणी यावं असं मला नकोच होतं. मी चालत आले, माझ्या पायांनी. मला हवं होतं ते एवढंच की कुणीतरी घाबरावं. घड्याळाकडे बघावं. कुणी काही विचारू नये म्हणून इतक्या लांब एकटीने जायचं, आणि परत आल्यावर भांडायचं काय, तर विचारलं का नाही!

दादाला मला काही होईल असं मुळी वाटतच नाही. शाळेत असल्यापासून हेच. याला विश्वास म्हणावं की आळस? त्याच्या बाबतीत दोन्ही एका घोंगडीत झोपतात.

उरलेल्या गॅसचं डबडं हॉस्टेलमध्ये कुणाला तरी देऊन टाकलं, विमानात नेता येत नाही. सॅक हलकी झालीय. खांद्यांवर पट्ट्यांचे वळ मात्र आहेत.

आज सकाळपासून दादाचे मेसेज चालू आहेत. बसमध्ये बसलीस का. विमान किती वाजता. पोचलीस की लगेच कळव. हे कळव. ते कळव. वहिनीने झापलेला दिसतोय. इतके मेसेज, की शेवटी आवाज बंद केला.

आत्ताच फलकावर आलं, विमान पन्नास मिनिटं उशिरा आहे. दादाला सांगितलेलं नाही. बघू, किती वाजता फोन करतो.