दोर माझ्या हातात, फुगा हवेत

पहाटे साडेचारला नागपूरच्या उमरेड रोडच्या पुढच्या मैदानात पोहोचलो. डिसेंबरचा गारठा, दात वाजत होते. हॉट एअर बलूनवाल्यांनी मला क्रूमध्ये घेतलं म्हणून ऐटीत गेलो, तर हातात दिला दोर!

आधी हेलियमचा छोटा फुगा सोडून पायलटने वारा पाहिला. मग कापड पसरलं, पंख्याने थंड हवा भरली. फुग्याच्या टोकाचा दोर मागे ताणून धरायचं काम माझं, नाहीतर तो डोलतो. हातमोजे घरी विसरलेलो. तळहात अजून चुरचुरतायत.

बर्नर पेटला, आतली हवा शंभर अंशांच्या आसपास तापली, टोपली हलकी झाली. बाहेर थंडी असली की उचल चांगली मिळते, म्हणून ही पहाटेची उठबस. ऊन चढलं की जमिनीवरून गरम झोत उठतात, मग उडणं बंद.

तिसऱ्या फेरीत हाक आली, "चल बे, चढ!"

वर वारा लागतच नाही, आपण त्याच्यासोबतच जात असतो ना! बर्नर थांबला की खालची कुत्री ऐकू येतात. स्टिअरिंग नाही, उंची बदलून पाहिजे त्या दिशेचा वारा शोधायचा. १७८३ मध्ये फ्रान्सच्या व्हर्सायला अशा फुग्याचे पहिले प्रवासी मेंढी, बदक अन् कोंबडा होते. त्यात मी मेंढी.

उतरलो एका पडीक वावरात. धुऱ्यावरचे काका म्हणाले, "काऊन बाप्पा, वाट चुकले का?"

मग फुगा गुंडाळला, अन् तर्री पोह्यांच्या दोन प्लेटी हाणल्या.