कडं वाजता कामा नये : आमची वाटचाल

कातकामाच्या, म्हणजे लेथवर फिरवून लाकूड कातायच्या, हत्यारांना मुठी करणं, एवढंच आमचं काम. गौज, स्क्यू, पार्टिंग, स्क्रेपर या हत्यारांची पाती आम्ही करत नाही आणि करणारही नाही. पातं लोहाराचं, मूठ आमची. मुठीच्या पुढच्या टोकावर पितळेचं कडं असतं, ते सैल झालं की वाजतं. रबाळे एमआयडीसीत गाळा आहे. दोन लेथ, एक बँडसॉ, एक उभं ड्रिल आणि पत्र्याखाली एक माळा. त्या माळ्याची गोष्ट लोकांना अर्धवट माहीत आहे, 'हा ओला माल कातून देतो' एवढीच, आणि ती अर्धवट ज्याने पसरवली त्या माझ्या जुन्या भागीदाराने स्वतःच्या सोयीने पसरवली. म्हणून हे लिहायला बसलो.

सुरुवात वागळे इस्टेटमध्ये झाली, 1996 साली, अर्ध्या गाळ्यात. आज तिथे काचेच्या इमारती आहेत. तेव्हा सकाळी आठला शिरलं की शेपर आणि पॉवर प्रेसचे आवाज यायचे. आम्ही दोघं भागीदार. पहिला लेथ कुर्ल्याच्या भंगारातून आणला, बिडाचा बेड, दोन सेंटरमध्ये, म्हणजे लाकूड धरणाऱ्या दोन टोकांमध्ये, 36 इंच जागा. टेम्पोचं भाडं निम्मं निम्मं केलं होतं. ड्रिल त्याचं, कातणं माझं. त्याचा हात चांगला होता, हे मी आजही म्हणेन. मुठीत आधी भोक पाडायचं आणि मग त्याच भोकात सेंटर धरून बाहेरची गोलाई कातायची, हे त्याचंच डोकं. उलट केलं की भोक तिरकं जातं आणि पातं एका बाजूला बघतं. अजूनही बाजारातल्या निम्म्या मुठी उलट क्रमाने केलेल्या असतात. हातात धरून पात्याच्या रेषेत डोळा लावा, लगेच कळेल.

आमचं पहिलं गिऱ्हाईक डोंबिवलीचे काका. पाळण्याच्या दांड्या, देव्हाऱ्याचे खांब, पोळपाट-लाटणी कातायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी आमची बाउल गौजची, म्हणजे वाडगे कोरायच्या हत्याराची, मूठ परत टेकवली. "अरे, बारा इंचांत काय होतंय? हत्यार टेकवायच्या टेकणीच्या पुढे पातं चार इंच गेलं की झटका मनगटात येतो. मला सोळा इंच दे, कोपरापाशी धरून शरीराने ढकलता आलं पाहिजे." तेव्हापासून बाउल गौजला आमची मूठ 16 ते 18 इंच, दांड्या कातायच्या स्पिंडल गौजला 10 ते 12. लाकूड बाभळीचं नाहीतर धामणीचं, रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेली. रेषा मध्येच बाहेर पडत असेल तर ती मूठ आम्ही बंबात घालतो, विकत नाही. साग देत नाही. सागाला वजन नाही आणि त्यातला कण धार खातो.

नंतरची वर्षं बरी गेली, रबाळ्यात आलो, काम चालत राहिलं.

2008 मंदीचं. सगळीकडे ऑर्डरी आटल्या आणि तेव्हाच जोधपूरच्या एका व्यापाऱ्याची 1,200 मुठींची मागणी आली. लाकूड मुरबाडच्या वखारीतून उन्हाळ्याच्या शेवटी आलेलं, जेमतेम तीन महिने रचून ठेवलेलं. मला माहीत होतं की ते अजून ओलं आहे. माझ्या भागीदारालाही माहीत होतं. पट्ट्या घालून ती थप्पी त्याने स्वतः रचली होती. आमची खाडीची हवा, भर श्रावण. मी म्हटलं, थांबू. तो म्हणाला, ऑर्डर जाईल. शेवटी सही माझी होती, त्यामुळे दोष माझाच, आणि तो मी कधी दुसऱ्यावर ढकललेला नाही. सप्टेंबरमध्ये माल गेला.

मार्चमध्ये गोणपाटाचे गठ्ठे परत आले. पहिलं गोणपाट सोडलं, एक मूठ उचलली, हलवली, तर कडं वाजलं. दुसरी उचलली, तिचं कडं अंगठ्याने गोल फिरलं. तिसरीचं खाली पडलं आणि लादीवरून घरंगळत लेथखाली गेलं. मुठीचं पुढचं बारीक कातलेलं टोक, ज्याला आम्ही कुसू म्हणतो, ते 25 मिलिमीटरचं कातलं होतं. मापाचा व्हर्नियर लावला: 24.5. तेवढ्या अर्ध्या मिलिमीटरने आमचं नाव घालवलं. पावसाळ्यात इथे लाकूड पाणी धरून असतं, राजस्थानच्या कोरड्या हवेत ते सुटतं आणि लाकूड आडव्या अंगाने आकसतं. पितळ आकसत नाही. एवढं साधं आहे, आणि तेवढ्यासाठी मी सगळे पैसे परत केले. घरातल्या पाटल्या पतपेढीत गेल्या. बायको एका शब्दाने बोलली नाही, ते मला जास्त लागलं.

त्याच आठवड्यात भागीदार वेगळा झाला. वेगळा होण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, धंद्यात होतं. पण तो थेट त्याच व्यापाऱ्याकडे गेला आणि सांगितलं की ठाण्याकडच्या त्या माणसाला लाकडातलं कळत नाही, ओला माल कातून देतो. जी थप्पी त्याने रचली, तिच्याबद्दल! पुढे त्याच पद्धतीचं लाकूड, कड्यात अरल्डाइट भरून आणि वरून जाड पॉलिश मारून त्याने विकलं. अरल्डाइट दोन उन्हाळे धरतं. तोपर्यंत बिल वसूल झालेलं असतं. मुंबईतल्या दोन दुकानांनी त्याचं ऐकून माझा माल बंद केला, त्यातल्या एकाने अजून सुरू केलेला नाही. पंधरा वर्षं उलटून गेली, पण हे मी विसरलेलो नाही आणि विसरल्याचं सोंगही करणार नाही.

त्या एप्रिलमध्ये डोंबिवलीचे काका आले. खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. चाळीस मुठींचा आगाऊ पैसा. "कधी पाहिजेत?" मी विचारलं. म्हणाले, "लाकूड वाळेल तेव्हा." मग माळ्याकडे बघून म्हणाले, "वर पत्रा तापतो ना? मग ते ऊन फुकट का घालवतोस?"

माळा तेव्हा रिकामाच होता. फळ्या मारल्या, हवा खेळायला समोरासमोर दोन झरोके काढले. तेव्हापासूनची पद्धत अशी: लाकूड आलं की टोकांना मेण लावायचं, म्हणजे ती तडकत नाहीत. चौकोनी तुकडे करून जाडसर कातून घ्यायचे, हव्या त्या मापापेक्षा 8-10 मिलिमीटर जास्त. मग माळ्यावर. दर महिन्याला त्यातले दहा तुकडे वजनकाट्यावर ठेवायचे आणि आकडा त्यांच्यावरच पेन्सिलने लिहायचा. वजन उतरायचं थांबलं की वाळलं, त्याआधी नाही. ओलावा मीटर आहे माझ्याकडे, पण माझा भरवसा काट्यावर. एक पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा वर काढल्याशिवाय एकही तुकडा खाली येत नाही. आणि कुसू कातायचा तो मे महिन्यात. तेव्हा कातलेला कुसू पावसाळ्यात फुगून कडं आणखी घट्ट धरतो. पावसाळ्यात कातलेला सैल होतो.

काकांच्या चाळीस मुठी मी चौदा महिन्यांनी दिल्या. त्यांनी एकदाही फोन करून विचारलं नाही.

शिसवाचं लोक विचारतात म्हणून सांगतो. दिसायला देखणी मूठ, वजन सुरेख. परदेशी पाठवायचो थोडी. पण 2 जानेवारी 2017 पासून शिसव-शिशमची सगळी जात साइटिस या दुर्मीळ झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गेली, कागद वाढले, आमच्यासारख्याला ते झेपेना. मी ते काम सोडलं. इथल्यांसाठी मागणीवर करतो.

नवीन कातकाम शिकणाऱ्या मुलांना एक सांगायचं आहे. चकाकणारी मूठ घेऊ नका. घामट हातात ती सरकते, आणि आपल्याकडे हात घामट नसतो कधी? उकळलेलं जवसाचं तेल दोन-तीन हात लावलं की पुरे. विकत घेताना कानाशी धरून हलवा. आणि रफिंग गौज, म्हणजे दांडीचा चौकोनी तुकडा आधी गोल करायचं हत्यार, वाडग्यावर घालू नका, कितीही चांगली मूठ असो. तिची शेपटी मुठीत शिरते तिथे बारीक असते, आडव्या रेषेचा झटका बसला की तिथेच मोडते. मागच्या वर्षी एका मुलाने तुटलेलं पातं आणून माझ्या मुठीला दोष दिला. मूठ शाबूत होती.

गेल्या महिन्यात काकांचा नातू आला होता. काका आता लेथवर उभे राहत नाहीत, तो चालवतो. पिशवीतून त्या चाळीसातलीच एक काढली. पातं घासून घासून बोटभर राहिलेलं, नवं बसवून हवं होतं. या मुठीवरचं हे तिसरं. अंगठा टेकतो तिथे खळगा पडलाय, काळा, गुळगुळीत. पातं काढायला शेपटी जरा तापवली, भोक साफ केलं, नवं गोल पातं अडीच इंच आत बसवलं. कड्याला हातोडी लावावी लागली नाही. नातू म्हणाला, "दादा, खळगा घासून सरळ करून देऊ का म्हणून विचाराल, तर आजोबांनी नको सांगितलंय." मी विचारणारच नव्हतो.