गप्पीवरचे पांढरे ठिपके आणि बिनलेबलची निळी बाटली : माझा अनुभव

"टाका की चार-पाच थेंब." किती लिटरला चार-पाच? बाटलीवर लेबल नाही, आणि हे सांगणाऱ्या दुकानदारांनी माशांची टाकी केवढी आहे हेसुद्धा विचारलं नाही. कोल्हापुरातल्या त्या दुकानात कुठल्याही रोगाला तीच निळी बाटली मिळते. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

थंडीचे दिवस होते. मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं, रात्री टाकीचं पाणी पार गारठायचं. टाकीतले गप्पी मासे दगडाला अंग घासायला लागले, शेपट्या मिटल्या आणि मग मीठ भुरभुरावं तसे ठिपके उठले. निळ्या औषधानं काही दिवसांत ठिपके दिसेनासे झाले. दुकानात विचारलं, तर उत्तर आलं, "गेले न्हवं ठिपके? मग झालं की ताई, करा बंद." बंद केलं आणि ठिपके दुपटीनं परत आले. दोन धष्टपुष्ट नर गेले.

ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसलेला परजीवी. तिथं त्याला औषध लागत नाही. तो पोसला की गळून तळाशी जातो, कवच करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं पोहत बाहेर पडतात. औषधाला सापडतात ती एवढीच. त्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. म्हणजे ठिपके गेले तेव्हा रोग तळातल्या वाळूत होता, आणि नेमकं तेव्हाच मला औषध थांबवायला सांगितलं! पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हे चक्र साधारण आठवड्याभरात फिरतं, गार पाण्यात कितीतरी लांबतं. एवढी गोष्ट गल्ल्यावर बसलेल्या माणसाला माहीत असायला नको?

मग लेबल असलेलं, लिटरचा हिशेब छापलेलं मॅलाकाइट ग्रीनचं (परजीवी मारणारं हिरवं रसायन) औषध शोधून आणलं. टाकीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १००० नं भागा, लिटर निघतात. ६० × ३० × ३० च्या टाकीत ५४, वाळू-दगड वजा करून घ्या. हीटरनं पाणी हळूहळू २९ अंशांवर नेलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे एअर पंप रात्रंदिवस चालू. फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो. शेवटचा ठिपका गेल्यावरही मी औषध चालूच ठेवलं आणि या वेळी रोग परतला नाही.

या धामधुमीतच एक मादी व्याली. गप्पी स्वतःचीच पिल्लं खातात, म्हणून ती लगेच वेगळ्या टबात घेतली. पिल्लांना मॅलाकाइट नको म्हणून फक्त ऊब आणि लिटरला एक ग्रॅम खडेमीठ. तळ रोज नळीनं ओढून काढायचा. नळाचं पाणी क्लोरिन उडण्यासाठी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवायचं. पिल्लांना खायला अंड्याचा बलक दिला तर पाणी लगेच नासतं. आर्टेमिया म्हणजे बारीक कोळंबीसारखा जीव, त्याची अंडी मिठाच्या पाण्यात दीड दिवसात फुटतात, त्यावर पिल्लं झपाट्यानं वाढली. बहुतेक सगळी जगली, याचा मला फार अभिमान आहे.

राहिलंच, आजारी टाकीची जाळी दुसऱ्या टाकीत घालायची असेल तर आधी कडक वाळवा. आणि नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळेच ठेवा.