बांधावरचा पाला

२८ जून

कोकणात तरवा लावणीला येतो तेव्हा कंबोडियातही भाताचीच लगबग असते. मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर पाऊस, बहुतेक ठिकाणी वर्षाला एकच पीक, बांधावर ताडाची झाडं. माती मात्र बऱ्याच भागांत रेताड, सेंद्रिय कर्बाच्या नावाने शून्य. तिथल्या छोट्या सेंद्रिय भातशेतीबद्दल आज नीट लिहून ठेवायचंय. युद्धानंतरच्या आशेचा विषय निघाला की लोक हळवे होतात, आणि हेक्टरी शेणखत किती लागतं हे विचारायचं राहूनच जातं.

१९७५ ते १९७९ ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाची राजवट. जमीन सामाईक, आणि हेक्टरी ३ टन भात पिकलाच पाहिजे असा वरचा हुकूम. भात नेला, माणसं उपाशी. साधारण पंधरा ते वीस लाख माणसं त्या काळात गेली. गावोगावची वाणं हरवली. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आधीच सातशेच्या वर वाणं जमवून ठेवली होती, म्हणून पुढे ती परत देता आली. १९७९ नंतर बैलही कमी, पुरुषही कमी. दहा-पंधरा घरांचे गट करून शेती चालली. १९८९ नंतर जमीन घराघरांत वाटली गेली. ख्मेर रूजच्या उरलेल्या टोळ्यांशी चाललेली लढाई पुरती थांबायला १९९८ उजाडलं.

यांग साइंग कोमा या कृषितज्ज्ञाने १९९७ साली सेडॅक ही शेतकऱ्यांसाठी काम करणारी संस्था काढली आणि २००० साली २८ शेतकऱ्यांना हाताशी धरून श्री पद्धत (एसआरआय, म्हणजे कमी बी, कोवळी रोपं आणि कमी पाणी वापरून भात लावायची पद्धत) सुरू केली. पद्धत मूळची मादागास्करची. विकत काहीच घ्यायला लागत नाही, आणि विकत घ्यायला पैसे नसलेल्या देशात हेच महत्त्वाचं होतं. २०१२ साली कोमांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बियाणं हेक्टरी ५ ते ८ किलो पुरतं. मिठाच्या पाण्यात अंडं तरंगू लागलं की त्यात बी ओतायचं, तरंगलेलं पोचट काढून टाकायचं, खालचं बी साध्या पाण्याने दोनदा धुवायचं. धुण्यात कंटाळा केला तर उगवण बसते. एक दिवस भिजवून, एक-दीड दिवस दडपून मोड आणायचे आणि गादीवाफ्यावर विरळ फेकायचे. हेक्टरला १०० चौरस मीटर वाफा बास.

रोप ८ ते १२ दिवसांचं, दोन पानांवर असतानाच लावायचं. चौथं पान येण्याआधी लावलं तर फुटवे फुटायची ताकद शाबूत राहते. महिन्याचं रोप उपटलं की ती निम्मी तिथेच जाते. रोप ओढायचं नाही, खुरप्याने मातीसकट उचलायचं, अर्ध्या तासात लावायचं. चूड (चार-पाच रोपांचा जुडगा) नाही, एकच काडी. २५ बाय २५ सेंटीमीटर, खोली १-२ सेंटीमीटर. वरून दाबलं की मुळाचं टोक वर वळतं आणि रोप आठवडाभर रुसतं. म्हणून आडवं सरकवत लावायचं. पोटरी धरेपर्यंत, म्हणजे खोडात कणीस भरेपर्यंत, पाणी आलटून पालटून: मातीला केसाएवढ्या भेगा दिसल्या की पुन्हा पाणी. सतत तुंबलेल्या पाण्यात मुळं गुदमरून कुजतात. पाणी नसलं की तण माजतं, म्हणून दहाव्या-बाराव्या दिवसापासून तेवढ्याच अंतराने तीन-चार वेळा कोळपं फिरवायचं. पहिली कोळपणी चुकली तर पुढच्या सगळ्या हातानेच.

आता खरी अडचण. पाऊस हातात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ओढ दिली तर वाफ्यातलं रोप म्हातारं होतं. मग आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वाफे टाकायचे, बी एवढं कमी लागतं की परवडतं. सखल खाचरात उलटं, एका रात्रीच्या पावसात बोटभर रोप बुडतं; तिथे ही पद्धत रेटूच नये. शिवाय सोनेरी गोगलगाय. कोवळी रोपं रातोरात साफ करते. पाणी उथळ असेल तर तिला फिरता येत नाही, म्हणून खाचरात वीतभर रुंद चर काढायचे. पाणी उतरलं की ती चरात जमते, तिथून वेचायची. काठावरच्या काड्यांना चिकटलेले गुलाबी अंड्यांचे घोसही खरवडायचे.

या पद्धतीने हेक्टरी आठ-दहा टन निघतात असे दावे ऐकू येतात. कंबोडियाच्या रेताड कोरडवाहू जमिनीत ते खरे मानू नयेत. तिथे दीड-पावणेदोन टनांवरून सव्वादोन टन ही चांगली मजल आहे, आणि घरात वर्षभराचा भात आहे की नाही हे त्या अर्ध्या टनावर ठरतं.

आता खत. हेक्टरी ५ टन धरू. घरात दोन जनावरं, प्रत्येकी रोज १० किलो शेण, म्हणजे वर्षाला ७ टन. निम्मं चरताना बाहेर पडतं. उरलेलं कुजून निम्म्यावर येतं. हाती दोन टनसुद्धा नाहीत. पेंढा जनावरांना लागतो. उरतो झाडपाला. पडीक जमिनीवर रानमोडी हे तण भरपूर, आपल्या कोकणात माजलेली तीच. फुलोऱ्याआधी कापली तर उत्तम कुजते.

पण बट्टम्बांग, बान्तेय मीन्चेयसारख्या थायलंडच्या सरहद्दीकडच्या प्रांतांत पडीक जमीन म्हणजे सुरुंगाची शंका. पायवाट सोडून लाकूडफाट्याला गेलेली माणसं तिथेच दगावतात. कसलेल्या शेतातही धोका पुरता टळत नाही: रणगाड्यासाठी खोल पुरलेला सुरुंग बैलगाडीला दाद देत नाही, ट्रॅक्टर आला की फुटतो. म्हणजे सेंद्रिय शेतीचा कच्चा माल नेमका जिथे पाय टाकता येत नाही तिथे उगवतो. तो आपल्याच बांधावर उगवायला हवा.

त्यासाठी गिरिपुष्प, हिरवळीच्या खतासाठी लावतात ते झाड. पावसाच्या तोंडावर मीटर-दीड मीटरचे, मनगटाहून थोडे बारीक छाट, मीटरभर अंतराने. आपल्याकडच्या चारसूत्री या सुधारित भातशेतीत गुंठ्याला ३० किलो पाला घालतात. तेच प्रमाण धरावं. कोवळं रोप लावायचं असेल तर पाला गाडल्यावर दहा-पंधरा दिवस थांबायला हवं, नाहीतर कुजण्याच्या उष्णतेने आणि वायूने मुळं करपतात. दांडे काढून टाकायचे, अनवाणी पायांना लागतात.

पहिल्या वर्षी झाडाला कोयता लावायचा नाही. दुसऱ्या वर्षी थोडा पाला, पुरेसा तिसऱ्या वर्षी. एवढं थांबायला जमीन आपल्याच नावावर राहील याची खात्री लागते. जिथे कागद हातात नाही तिथे शेतकरी खड्ड्यात कंपोस्ट करतो, पण बांधावर झाड लावत नाही. त्यामुळे कुठल्या गावात लोकांना पुढच्याची किती खात्री वाटते हे बघायचं असेल, तर मी आधी बांध बघेन आणि तिथल्या छाटांची जाडी.